पिंपळखुटे सरांचा डावा डोळा

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे पिंपळखुटे सर डोक्याच्या फक्त उजव्या बाजूला तेल लावायचे. डावी बाजू कोरडी. सकाळी दूध आणायला निघाले की उन्हात त्यांचं अर्धं डोकं चमकायचं आणि अर्धं रखरखीत दिसायचं. इमारतीत कोणी नवीन राहायला आलं की चार दिवस बघायचं, मग मला जिन्यात गाठून हळूच विचारायचं, "वरच्या काकांना काही झालं होतं का हो?" मी सांगायची, काही झालेलं नाही. माणूस पीएचडी आहे. तो प्रयोग चालू आहे.

त्या तेलाने केस गळायचे थांबतात असं बाटलीवर लिहिलेलं होतं. सरांनी बाटली घेतली, पण बाटलीवरच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. "पूर्ण डोक्याले लावलं तर समजन कसं वं?" त्यांनी मला विचारलं. "गळले तर तेलानं गळले का वयानं गळले? म्हणून अर्धं डोकं कंट्रोल." पुढे दोन्ही बाजूंचे केस अगदी सारख्या निष्ठेने गळाले. तरी बाटली संपेपर्यंत त्यांनी नियम मोडला नाही, आणि बाटली संपल्यावर त्यांच्या बायकोने, कुसुमकाकूंनी, दुसरी आणून ठेवली.

हे कंट्रोल प्रकरण आधी सांगून टाकते, नाही तर सर तुम्हाला कळायचे नाहीत. सर फार्मसीच्या कॉलेजात शिकवायचे. तिथल्या प्रयोगशाळेत म्हणे असं करतात: चार थाळ्यांत औषध टाकायचं आणि एका थाळीत काहीच टाकायचं नाही. त्या एकीला कंट्रोल म्हणायचं. ती नुसती बसून असते, आणि बाकीच्यांचं काय बरंवाईट झालं ते तिच्याकडे बघून ठरवायचं. मी म्हटलं, अशी एक आत्या प्रत्येक लग्नात असते. सरांना ते फार आवडलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. तिच्याशिवाय लग्न मोजताच येत नाही."

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात नाही तर शेअर बाजाराला. सरांनी कंट्रोल घरी आणला. रविवारी माझ्या नवऱ्याबरोबर, दिलीपबरोबर, ते तर्री-पोहे खायला जायचे. तिथे दोन प्लेटा घ्यायचे, एकीवर तर्री, एक कोरी. एक घास इकडचा, एक घास तिकडचा. शेवटी घाम पुसत जाहीर करायचे, "तर्रीनं फरक पडते." उन्हाळा लागला की दोन खोल्यांतल्या दोन कूलरपैकी एकाचीच खस, म्हणजे वाळ्याची ताटी, बदलायचे. काकू नव्या खसच्या खोलीत गार झोपायच्या आणि सर स्वतः कंट्रोलच्या खोलीत घामाघूम. आता आठवून बघते तर कंट्रोलची बाजू नेहमी त्यांच्याच वाट्याला यायची. तेव्हा कोणाच्या ते लक्षात आलं नाही. आम्ही हसत होतो.

"कंट्रोल कुठाय?" हा त्यांचा पेटंट प्रश्न. सोसायटीच्या बैठकीत कोणी म्हणालं की अमक्या वैद्याच्या पुडीने माझा गुडघा बरा झाला, की सर मागच्या खुर्चीवरून विचारणार, "अन् दुसऱ्या गुडघ्याले काय दिलं? कंट्रोल कुठाय?" माझ्या जावेने कौतुकाने सांगितलं, लग्न झाल्यापासून आमचा बंटी सुधारला. सर म्हणाले, "न करता सुधरला असता तर? कंट्रोल कुठाय?" बंटीची बायको शेजारीच बसली होती. ती त्या दिवसापासून सरांच्या पाया पडते, का ते मी विचारलं नाही.

त्यांचा खरा विषय मात्र डोळ्यात घालायचं औषध. साधंसुधं, डोळे कोरडे पडतात म्हणून घालतात ते, अश्रूंसारखं. ते थेंब डोळ्याच्या काचेवर, म्हणजे कॉर्नियावर पडले की तिथल्या पेशींचं काय होतं, एवढ्याच प्रश्नावर या माणसाची उभी नोकरी गेली. त्यासाठी त्यांना बकऱ्याचे डोळे लागायचे. पहाटे स्कूटरवर मटण मार्केटला जायचे आणि नुसते डोळे घेऊन यायचे. खाटीक चक्रावलेला. हा माणूस कपाळाला गंध लावून येतो, मटणाकडे बघत नाही, आणि डोळे मागतो. एकदा त्याने विचारलंच, "प्रोफेसर साब, रोज खाली आंख ले जाते हो. बाकी बकरे ने क्या बिगाड़ा है?"

ते डोळे एका हिरव्या थर्मासात थंड मिठाच्या पाण्यात ठेवून कॉलेजला जायचे. कुसुमकाकूंचं घर शाकाहारी. त्यांनी त्या थर्मासाच्या कानाला लाल दोरा बांधून ठेवला होता, म्हणजे चुकून त्यात चहा भरला जायचा नाही. दिलीपला दोऱ्याचं माहीत नव्हतं. एका सकाळी तो वर गेला, टेबलावर थर्मास दिसला, हक्काने झाकण उघडलं. आतून बकरा त्याच्याकडे बघत होता. तेव्हापासून दिलीप त्या घरी पाणीसुद्धा पीत नाही.

मी एकदा त्यांच्या कॉलेजात गेले होते, भाचीच्या प्रवेशाचं विचारायला. सरांनी प्रवेशाचं राहू दिलं आणि मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. आत पेशी दिसत होत्या, फरशी बसवल्यासारख्या, एकीला एक लागून.

"पाह्य, कशा बसल्या," सर कानाशी म्हणाले. "हळदीकुंकवाले बाया बसतात तशा. मांडीले मांडी लावून. मध्ये सुई जायची नाही. आता ही दुसरी थाळी पाह्य. हिच्यात बाटलीतलं औषध टाकलं."

दुसरीत फरशी उखडली होती. पेशी आकसून गोल झाल्या होत्या, मध्ये मोकळी जागा पडली होती, काही तर नुसत्या तरंगत होत्या. सरांनी निळा रंग टाकला. गोल झालेल्यांपैकी कित्येक निळ्या झाल्या.

"जिवंत पेशी हा रंग आत घेत नाही," सर म्हणाले. "मेली की मग दार उघडंच. औषध चांगलं आहे वं, डोळ्याले ओल देते. पण बाटलीत जंतू होऊ नये म्हणून त्याच्यात जंतुनाशक टाकतात, ते साबणासारखं लागते. अन् ते पहिल्यांदा मारत नाही. पहिल्यांदा हात सोडवते. एकमेकींचा हात सुटला का मग एकेक गोल होते अन् चालली जाते."

मी घाबरले. माझ्या सासूबाई तेच औषध घालायच्या. सर लगेच म्हणाले, "घाबरू नको. थाळीतल्या पेशीले पापणी नसते, अश्रू नसतात, धुऊन कोण नेईन? डोळ्यात इतकं वाईट होत नाही. चार दिवस घातलं तर काहीच नाही. पण ज्याले रोज चार-चारदा अन् वर्षानुवर्षं घालायचं आहे, त्यानं जंतुनाशक नसलेल्या छोट्या कुप्या घ्यायच्या. एक फोडली, घातली, त्याच दिवशी फेकली." मग तिसरी थाळी दाखवली. हीत त्या कुपीतलं औषध होतं. बाया जागच्या जागी बसल्या होत्या, हळदीकुंकू चालू होतं.

निघताना मी विचारलं, त्या कोपऱ्यातल्या थाळीत एवढ्या थोड्याच का? सर म्हणाले, "पोरांनी विरळ पेरल्या. फार विरळ पेरलं का त्या वाढत नाहीत. खायला-प्यायला सगळं देतो, तरी नाही वाढत. शेजार लागते त्यांले." एवढं बोलून ते भाचीच्या प्रवेशाचं पूर्ण विसरून जेवायला निघून गेले.

निवृत्तीनंतर हे ज्ञान जाणार कुठे? ते धरमपेठेतल्या औषधाच्या दुकानात गेलं. सर काउंटरपाशी उभे राहायचे आणि डोळ्यांचं औषध घेणाऱ्या प्रत्येकाला गाठायचे. "किती दिवसांपासून घालून राहिले? बाटली पाहू. हे काय लिहिलं, वाचा बरं बारीक अक्षरात." दुकानदार भला माणूस. त्याने भांडण केलं नाही. बाहेर सावलीत एक स्टूल ठेवलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही इथे आरामात बसा, डोळ्यांचं गिऱ्हाईक आलं की मी आवाज देतो." सर आरामात बसले. आवाज कधी आला नाही. मी भाजी घेऊन येताना त्यांना तिथे बसलेलं बघायची, हात गुडघ्यावर, नजर दुकानाकडे. मला वाटायचं दुकानदाराच्या एक कानाखाली द्यावी, आणि वाटायचं की त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

सरांचे स्वतःचे डोळे कोरडे पडले होते. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात बघणं, वर वय, वर आमचं नागपूरचं ऊन. डॉक्टरांनी दिवसातून चारदा थेंब घालायला सांगितले होते आणि ते कुसुमकाकू घालायच्या. कारण सरांना ते जमायचं नाही. थाळीत हवा तेवढाच थेंब हव्या त्या जागी सोडणारा हा माणूस, स्वतःच्या डोळ्यावर कुपी आली की ऐन वेळी गच्च डोळे मिटून घ्यायचा. सकाळी आमच्या गॅलरीत वरचं सगळं ऐकू यायचं. "पंख्याकडे पाहा. पंख्याकडे. हलू नका म्हणते नं." मग शांतता. मग काकूंचा आवाज, "झाला एक. आता हा दुसरा. मिटू नका." कधी कधी एका थेंबाला एवढा वेळ लागायचा की माझी पोळी करपायची, मी ऐकत उभी राहिल्यामुळे.

काकू एका उन्हाळ्याच्या शेवटी गेल्या. आजार कळला आणि फार वेळ मिळाला नाही. भेटायला लोक येत होते, सर भिंतीला टेकून बसलेले. कन्हानचे त्यांचे एक नातेवाईक आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ, वेळेवर मुंबईले नेलं असतं तर वहिनी वाचल्या असत्या." आम्ही सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. दिलीपने तर माझा हात धरला. सरांनी तोंड उघडलं. मग म्हणाले, "याले कंट्रोल नाही गा." फार हळू म्हणाले. नातेवाइकांना काही कळलं नाही, त्यांनी चहा मागितला.

तेरवी झाल्यावर एका सकाळी माझ्या दारावर बेल वाजली. सर उभे, हातात छोटी कुपी. "संध्या, एक थेंब घालून देते का? उभ्या उभ्या." मी घातला, उजव्या डोळ्यात. डावीकडे हात नेला तर त्यांनी मान वळवली.

"तो राहू दे. तो कंट्रोल आहे."

मी कपाळाला हात लावला. डोक्याचं तेल झालं, पोहे झाले, आता डोळा. पण एवढं दुःख झालेला माणूस पुन्हा आपल्या मूळ वेडावर आला, हे बघून मला बरंच वाटलं. मी दिलीपला सांगितलं, सर सावरले.

हळूहळू सरांनी अख्ख्या इमारतीला ड्युटी लावली. सकाळी मी. दुपारी तळमजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या सरोजताई, त्या तोंडातल्या टाचण्या न काढता थेंब घालायच्या आणि सर जीव मुठीत धरून पंख्याकडे बघायचे. संध्याकाळी दिलीप. त्याने एकदा क्रिकेट बघता बघता थेंब सरांच्या चष्म्यावर टाकला आणि "झालं" म्हणाला. सरही "झालं" म्हणून निघून गेले. रात्रीचा थेंब बहुधा बुडायचाच. सगळीकडे नियम एकच, फक्त उजवा. सगळ्यांना सांगितलेलं एकच, डावा कंट्रोल आहे.

एक गोष्ट मला खटकायची. एका कुपीत दोन्ही डोळ्यांना पुरून उरेल एवढं औषध असतं. मी म्हणायची, उरलेली इथेच टाका डब्यात. तर नाही. सर ती कुपी झाकण लावल्यासारखी दोन बोटांत दाबून, जपून वर घेऊन जायचे. मी मनात म्हटलं, माणूस म्हातारपणी चिक्कू होतो.

पुढचा उन्हाळा आला. कूलर लागले. कूलरच्या वाऱ्याने धडधाकट माणसाचे डोळे कोरडे पडतात, आणि सरांचा डावा डोळा लाल दिसायला लागला. उजवा चांगला, डावा लाल, सारखा मिचमिचणारा. वर्तमानपत्र वाचताना ते डावा डोळा तळव्याने झाकून घ्यायचे. हैदराबादचा मुलगा रविवारी फोन करायचा तेव्हा विचारायचा, बाबा, थेंब घालता ना? सर म्हणायचे, "घालतो नं, रोज घालतो." खोटं काहीच नाही. मुलगा बिचारा निश्चिंत. तिकडे या म्हणायचा, तर सर म्हणायचे तिकडचं पाणी मानवत नाही. तिथे ते फक्त एकदा गेले होते, काकूंबरोबर.

शेवटी मी आणि दिलीपने त्यांना जवळजवळ उचलून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांत पिवळा रंग लावला, निळा उजेड पाडला आणि समोरच्या पडद्यावर चित्र दाखवलं. उजवा डोळा स्वच्छ. डावा हिरव्या चमकत्या ठिपक्यांनी भरलेला, खालच्या बाजूला तर ठिपके एकमेकांत मिसळून पट्टा झालेला.

सरांचा चेहरा एकदम उजळला. "पाहिलं का संध्या? इतका साफ फरक मले थाळीत कधी भेटला नाही."

"सर," डॉक्टर म्हणाल्या, "ही थाळी नाही. तुमचा डोळा आहे. वरचा थर सोलून निघतोय. असंच राहिलं तर जखम होईल, जंतू शिरतील, पांढरा डाग पडेल. मग या डोळ्याने दिसणार नाही. आजपासून दोन्ही डोळ्यांत थेंब."

"कंट्रोल मध्येच तोडता येत नाही मॅडम."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही लिहून द्या, बाकी मी बघते.

बघते म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा झाल्याबरोबर मी डाव्यावर झडप घातली. सर स्टुलावरून असे उठले की चहाचं भांडं कलंडलं. "राहू दे वं, राहू दे. तुले उशीर होऊन राहिला." मी म्हटलं, उशीर होऊ द्या, शाळा पळून नाही जात. ते म्हणाले, "नाही, प्रयोगाचा नियम आहे." आणि चपला पायात न घालता हातात घेऊन जिना चढून गेले. मी खालून ओरडले, आंधळे झाल्यावर लावा मग कंट्रोल. साऱ्या इमारतीने ऐकलं. मला इतका राग आला होता की शाळेत मी त्या दिवशी मुलांना भागाकाराऐवजी गुणाकार शिकवून आले. शिकलेल्या माणसाने स्वतःचा डोळा घालवायचा, कशासाठी, तर हट्टासाठी. आणि उद्या काठी धरून कोणाला चालायला लागणार होतं? आम्हालाच.

त्यानंतर आठवडाभर आमचा अबोला. म्हणजे ते यायचे, उजवा डोळा पुढे करायचे, मी तोंड वाकडं करून थेंब टाकायची, ते कुपी दाबून वर जायचे. डाव्यातून पाणी गळायला लागलं होतं. मी विचारलं नाही.

त्या शनिवारी शाळा लवकर सुटली. मी सांबारवड्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबीर भरलेल्या वड्या, केल्या होत्या. सरांना त्या फार आवडतात, काकूंच्या हातच्या तर जगात भारी होत्या. अबोला असला म्हणून काय, वड्या तेलातून निघाल्या की कोणाच्या घरी पाठवायच्या हे हाताला पाठ असतं. वाटी घेऊन मी वर गेले. कूलरच्या हवेला वाट म्हणून सरांचं दार अर्धं उघडं होतं. मी हाक मारणार तेवढ्यात आतून आवाज आला.

"पंख्याकडे पाहा. पंख्याकडे. हलू नका म्हणते नं."

माझ्या अंगावर काटा आला. शब्द काकूंचे होते, आवाज सरांचा. मी आत डोकावले. सर दिवाणावर उताणे पडले होते. एका हाताने डाव्या डोळ्याची पापणी ओढून धरलेली, दुसऱ्या हातात सकाळची कुपी. थेंब पडला तो भुवईवर. डोळा गच्च मिटला. पुन्हा पापणी ओढली. "मिटू नका म्हणते," ते स्वतःला म्हणाले. पुढचा थेंब गालावरून कानात गेला. उशी ओली होती, कॉलर ओली होती, आणि डोळा कोरडाच. मग त्यांनी कुपी उजेडाकडे धरून पाहिली. संपली होती.

माझ्या तोंडातून आधी रागच निघाला. "काय सर, कंट्रोलच्या डोळ्यात औषध घालून राहिले तुम्ही?"

सर धडपडून उठून बसले. चष्मा शोधला, सापडला नाही. मला वाटलं आता म्हणतील की हाही प्रयोगाचा भाग आहे.

"तो कंट्रोल नाही आहे वं," सर म्हणाले.

"मग काय आहे?"

"मले जमत नाही. पहिल्या दिवसापासून करून राहिलो, एखादा जाते आत. बाकीचे असे." त्यांनी उशीवर हात फिरवला.

"मग सांगायचं नाही? मी रोज घालतेच आहे ना एक? दुसऱ्याला कितीसा वेळ लागतो?"

"एका डोळ्याचं ठीक आहे संध्या. उभ्या उभ्या होते. तुझी भाकर तव्यावर राहते, सरोजच्या तोंडात टाचणी राहते, कोणाचं काही अडत नाही. दुसऱ्यापर्यंत मी डोळे घट्ट मिटून घेतो. मग बसा लागते, मान धरा लागते, थांबा लागते. रागवा लागते." त्यांनी रिकामी कुपी उशीवर ठेवली. "एक डोळा शेजाऱ्यांले मांगता येते. दोन डोळे घरच्या माणसाचं काम आहे."

मी वाटी हातात धरून उभी होते. आठवडाभराचा राग कुठे गेला ते कळलं नाही, फक्त वाईट वाटत होतं. फार वाईट. एवढा मोठा प्रयोग, एवढा कंट्रोल, डॉक्टरांसमोर एवढा दिमाख, आणि त्याच्या खाली इतकी साधी गोष्ट होती की हा माणूस आमच्या दारात जास्त वेळ उभं राहायला संकोचत होता. वर्षभर रोज येऊन त्याने आमचा फक्त अर्धा वेळ मागितला होता, आणि मी त्याला मनात चिक्कू म्हणत होते.

"नवीन कुप्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"देवाच्या फळीवर. ती ठेवायची तिथंच."

मी हात धुतले, कुपी आणली. सरांची हनुवटी धरली. "पंख्याकडे पाहा," मी म्हटलं, आणि ते एकदम स्थिर झाले. तरी ऐन वेळी त्यांनी डोळा मिटलाच. मी थांबले. पुन्हा मिटला. मी रागावले. तिसऱ्या खेपेला थेंब बरोबर आत पडला. सर डोळे मिटून बसून राहिले, आणि त्यांनी माझं मनगट लगेच सोडलं नाही. मीही हात काढला नाही. खाली माझ्या गॅसवर दूध होतं. ते ओतू गेलं असणार, वास वरपर्यंत आला.

निघताना मी दटावून सांगितलं, उद्यापासून दोन्ही. दिलीपलाही सांगते, सरोजताईंनाही सांगते. सर मान हलवत राहिले. वड्यांना त्यांनी मी दाराबाहेर पडेपर्यंत हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. सर उभे होते, हातात कुपी, इस्त्रीचा सदरा, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना चापून तेल. दिलीप पेपर खाली करून बघतच राहिला. सर नेहमीसारखे दारातच थांबले नाहीत, आत आले, स्टूल ओढून बसले आणि चष्मा काढला. मी तव्याखालचा गॅस बंद केला.

"घाई असन तर एकच घाल वं," ते म्हणाले. "उजवा."

मी आधी डावा घातला.